सात नंबरचा जादूगार

“युवर… बॅग… इज… टू हेवी.” माझ्या खांद्यामागून सिंधूआत्यानं एकेक शब्द सुटा करून वाचला, चौथीच्या वर्गात वाचून दाखवावा तसा. “म्हणजे पिशवी जड झाली म्हणते का रे तो?”

“हो.”

“बरं आहे बाप्पा याचं. माझी तर पिशवीच काढून टाकली डॉक्टरनं.” आणि हसताना टाके दुखू नयेत म्हणून तिनं दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं.

मला हसू आलं नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझा योद्धा एका पडक्या बुरुजात अडकला होता. पाठीवरचं वजन मर्यादेबाहेर गेलं की या गेममध्ये माणसाला पळता येत नसे. तो कमरेत वाकून, पाय ओढत चालायचा. समोर उघडी पेटी, पेटीत चांगली ढाल. ती घ्यायची तर आधी काहीतरी टाकायचं. यादी खाली खाली सरकवत मी शोधत होतो. औषधाच्या बावीस बाटल्या, लांडग्यांची कातडी, कुठल्या कुलपाच्या ते न कळणाऱ्या किल्ल्या, अर्धवट फाटलेली मंत्रांची पानं. एक टाकलं की वाटायचं, हेच पुढं लागणार. उचललं की ढाल राहायची.

पंधरा मिनिटं हे करून मी वैतागलो आणि गेम बंद केला. मग पुन्हा सुरू केला. “नवीन पात्र” असं लिहिलेल्या ठिकाणी दाबलं.

“आणि तो? बुरुजातला?” आत्यानं विचारलं.

“त्याचं सगळंच चुकलं होतं.”

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. पोळा होऊन आठवडा झाला होता. आम्ही वर्धा नदीच्या अलीकडे, कागद कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. बाबा कारखान्यात बॉयलरवर होते. आई अंगणवाडीत, ती सकाळी जायची ती दोनला परत यायची. सिंधूआत्या बाबांची धाकटी बहीण, गडचिरोलीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. एकटी राहायची. ऑपरेशननंतर दीड महिना बादलीसुद्धा उचलायची नाही असं तिला डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून बाबा तिला आमच्याकडे घेऊन आले होते.

आणि मी, प्रफुल्ल धोटे, वय वीस, नागपूरला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, जुलैपासून घरी होतो. विद्यापीठानं आमच्या कॉलेजचा निकाल राखून ठेवलाय, तो लागेपर्यंत वर्ग सुरू होणार नाहीत, असं मी घरी सांगितलं होतं. घरच्यांनी विश्वास ठेवला. कॉम्प्युटर अभ्यासाला लागतो म्हणून पहिल्या वर्षीच घेतला होता. तो बाहेरच्या खोलीत, आईनं विणलेल्या जाळीदार कापडाखाली असायचा. आई अंगणवाडीत गेली की मी ते कापड काढायचो.

दुसऱ्या दिवशी आत्या सरळ खुर्ची ओढून शेजारीच बसली.

“हे काय करून राहिला आता?”

“पात्र बनवतोय. याला सुरुवातीला वीस गुण मिळतात. ते वाटायचे. ताकद, चपळाई, बुद्धी, बोलणं. लढवय्या असला तर ताकदीला जास्त. जादूगार असला तर बुद्धीला. चोर असला तर चपळाईला.”

“आणि चुकलं तर?”

“तर पुढं अडतं. दहा तास खेळल्यावर कळतं की दोन गुण भलतीकडेच गेले.”

“मग बदलायचे.”

“बदलता येत नाहीत. एकदा दिले की दिले.”

“मग काय करतोस?”

“नवीन पात्र.”

तिनं थोडा वेळ विचार केला. मग पडद्याच्या एका कोपऱ्याकडे बोट केलं. “ती एवढी मोठी यादी कशाची?”

ती सेव्ह केलेल्या खेळांची यादी होती. मी पात्रांना नावंही देत नसे. माझ्याच नावापुढं आकडा टाकायचो. एक ते अठरा. प्रत्येकासमोर तो कुठवर पोचला ते लिहिलेलं होतं. कोणी तिसऱ्या लेव्हलला, कोणी चौथ्या. एकही पाचव्या लेव्हलच्या पुढं नव्हता.

“हे सगळे मेले?”

“नाही. सोडून दिले.”

“अठरा?”

“अठरा.”

आत्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजल्यासारखं केलं. “यातला सगळ्यात वाया गेलेला कोणता?”

मला ते लगेच सांगता आलं. सात नंबर. तो जादूगार होता. भारनियमनाची वेळ होत आली होती, दहाला लाइट जायची, म्हणून घाईघाईत मी गुण वाटले आणि बुद्धीवर दाबायच्या ऐवजी ताकदीवर दाबत गेलो. लक्षात येईपर्यंत सेव्ह झालं होतं. पैलवानाचे दंड आणि मठ्ठ डोकं असलेला जादूगार. त्याच्या हातून सुटलेल्या आगीच्या गोळ्यानं साधा उंदीरही मरत नसे.

“तो मले दे,” आत्या म्हणाली.

“आत्या, तो उपयोगाचा नाही गं.”

“मी काय गेम जिंकायला बसली का? मले दीड महिना काढायचा आहे.”

अशी सुरुवात झाली. ती एका बोटानं कळ दाबायची आणि दुसऱ्या हातात माउस असा धरायची, जसा काही तो निसटून पळणार आहे. सात नंबर भिंतीवर आदळायचा, विहिरीभोवती चकरा मारायचा. गावातल्या प्रत्येक माणसाशी ती बोलायची. सगळे संवाद इंग्रजीत, अडलं की मला विचारायची आणि अर्थ कळला की पडद्याकडे बघून “होय का?” म्हणायची.

आणि ती सगळं उचलायची. खरोखरच सगळं. आमटीचा डाव, दोरखंड, मेणबत्त्या, एकाच पायाचा बूट.

“बूट कशाला?”

“दुसरा कुठंतरी असेलच न.”

“नसतो आत्या. तो नुसता ठेवलेला असतो.”

“मग उचलू काहून देतात?”

एका जळालेल्या लोहारशाळेत तिला घण सापडला. दोन हातांनी पेलायचा, दहा बाटल्यांच्या वजनाचा. मी कपाळाला हात लावला. “जादूगाराला घण काय करायचाय? टाक तो. आत्ता पिशवी जड झाली म्हणून सांगेल.”

आम्ही दोघंही पडद्याकडे बघत राहिलो. सूचना आली नाही. सात नंबर घण पाठीला लावून टणाटण चालायला लागला.

“तुझे बाकीचे पोट्टे एवढ्यात वाकत होते,” आत्या म्हणाली. “हा नाही वाकला.”

खरं होतं ते. त्याच्या दंडातली ताकद ओझ्याच्या कामी येत होती. दोन महिने मी त्या पिशवीशी भांडत होतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण सात नंबरला मी अर्ध्या तासातच सोडला होता.

एकदा तिनं दोन तास घालवून एक जंगल ओलांडलं आणि लाइट गेली. सेव्ह केलेलं नव्हतं. मी असतो तर की-बोर्ड आपटला असता. ती काळ्या पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “चला, भाजी निवडू.” लाइट आल्यावर तेच जंगल तिनं दीड तासात ओलांडलं. “आता वाट माहीत झाली होती न,” एवढंच म्हणाली.

हळूहळू मी माझे खेळ बाजूला ठेवून तिचाच बघायला लागलो. सकाळी आई गेली की आत्या विचारायची, “बसायचं?” आणि मीच आधी खुर्च्या मांडून ठेवलेल्या असायच्या.

बारा-तेरा दिवसांनी सात नंबर खाणीपाशी पोचला. ही जागा मला चांगली माहीत होती. डोंगराच्या पोटात एक खाण, खाणीच्या टोकाला लोखंडी दार आणि दारासमोर एक दगडी राखणदार. तो साधा नव्हता; त्या खाणीत जादू चालत नसे. माझे जादूगार तिथं दोन फटक्यांत आडवे व्हायचे. चोरांचे सुरे दगडावर बोथट व्हायचे. योद्ध्यांना जमण्यासारखं होतं, पण तिथवर जाताना त्यांच्या बाटल्या संपलेल्या असायच्या. वजन नको म्हणून मीच टाकून दिलेल्या. दोन-तीनदा हरलो की मला वाटायचं, पायाच कच्चा आहे. आणि मी नवीन पात्र करायला घ्यायचो.

“इथून पुढं नाही जाता येत,” मी म्हटलं.

“पाहू.”

पहिल्या सकाळी सात नंबर अकरा वेळा मेला. दुसऱ्या सकाळी मी मोजायचं सोडून दिलं. आत्यानं वहीचं एक पान घेतलं आणि राखणदार काय करतो ते लिहून काढलं. उजवा हात वर गेला की डावीकडे सरकायचं. पाय आपटला की खांबामागं जायचं. दोन घाव घालायचे, बाटली प्यायची, मागं यायचं. मी कळा दाबायच्या आणि तिनं पानावरून ओरडायचं असं ठरलं, कारण तिची बोटं तेवढी चालत नव्हती.

“उजवा! उजवा वर गेला रे!”

“दिसतंय मला!”

“मग सरक न बाप्पा!”

तिसऱ्या सकाळी, साडेनऊच्या सुमारास, घणाच्या शेवटच्या घावानं तो राखणदार गुडघ्यावर आला आणि ढिगाऱ्यासारखा कोसळला. सगळ्या बाटल्या संपल्या होत्या. सात नंबरमध्ये जेमतेम धुगधुगी होती. आत्यानं टाळ्या पिटल्या, मग कळवळून पोट धरलं, तरी पिटतच राहिली.

दार उघडलं.

पलीकडे समुद्र होता. निळाशार, कडेला पांढऱ्या घरांचं गाव, गावावर पक्षी फिरत होते. गेमच्या खोक्यावरच्या चित्रातही हे नव्हतं.

“आता कुठं जायचं?” आत्यानं विचारलं.

“मला माहीत नाही.”

“म्हणजे?”

“मी इथं कधी आलोच नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “दोन महिने खेळून राहिला न?”

“हो.”

लाइट जायला अर्धा तास होता. तिनं माउस हातात घेऊन आधी सेव्ह केलं. मग खुर्चीत मागं टेकली.

“हा वाया गेलेला नव्हता, प्रफुल्या. तूच त्याला सोडून गेला होतास.”

मी पडद्याकडे बघत बसलो. गावावरचे पक्षी तेच ते गोल फिरत होते.

“मी नर्सिंगला होती, तुले माहीत आहे?” ती म्हणाली.

“नाही.”

“दीड वर्ष. रक्त पाहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा पेशंटच्या आधी मीच खाली पडली.”

“मग सोडलंस?”

“मी कशाची सोडते? त्यांनीच काढून टाकलं.” तिला पुन्हा हसू आलं. “खूप रडली मी. मग डी.एड.ला घातलं मले दादानं. पहिल्या वर्षी शाळेत एक पोरगी झाडावरून पडली. गुडघा फुटला. सगळे मास्तर पळाले पाणी आणायला. पट्टी मीच बांधली, अंधारी आली तरी बांधली. तेव्हापासून चोवीस वर्षं त्या गावातल्या सगळ्यांचे गुडघे माझ्याकडेच येतात.”

मग तिनं अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ घातलंस का असं विचारावं तसं विचारलं, “निकाल कधी लागला तुझा?”

खोटं बोलायला मी तोंड उघडलंही होतं.

“जुलैमध्ये,” मी म्हटलं. “चार विषय गेले. वर्ष गेलं.”

“मग आता?”

“मला ते जमणारच नाही आत्या. मुळातच चुकलं. आधी मेडिकलची तयारी केली, ती सोडली. मग हे. आता वाटतं, हॉटेल मॅनेजमेंट करावं. पहिल्यापासून. तिथं नीट…” आणि मी थांबलो, कारण ती यादी अजून पडद्याच्या कोपऱ्यात होती. एक ते अठरा.

आत्यानंही त्या यादीकडे पाहिलं.

“त्या चार विषयांची परीक्षा पुन्हा होते न?” तिनं विचारलं.

“हिवाळ्यात. फॉर्मची शेवटची तारीख परवा आहे.”

“दादाले मी सांगणार नाही. तुले सांगायचं असेल तर तू सांग. हॉटेलचं करायचं असेल तर तेही सांग. पण काहीतरी सांग.”

दहा वाजले. लाइट गेली. कुलरचं पातं फिरत फिरत थांबलं आणि आम्ही भाजी निवडायला उठलो.

त्या दिवशी मी बाबांना सांगू शकलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी, शेवटच्या तारखेला, बाबांची पहिली पाळी होती. ते साडेपाचला सायकल काढून निघाले तेव्हा मी चपला घालून त्यांच्यामागं निघालो.

“तू कुठं?”

“गेटपर्यंत येतो.”

मी बरोबर आहे म्हणून ते सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालायला लागले. बाबा कमी बोलायचे. आठवीपर्यंत शिकलेले, मग कारखान्यात हेल्पर, मग परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट. मी इंजिनीअर होणार हे त्यांनी कधी कुणाला बढाई मारून सांगितलं नव्हतं. पण माझं कॉलेजचं ओळखपत्र जुनं झालं तेव्हा टाकून न देता त्यांनी स्वतःच्या पाकिटात ठेवलं होतं. हे मला माहीत होतं म्हणून बोलणं आणखी अवघड होतं.

वसाहतीची शाळा मागं पडली. पाण्याची टाकी मागं पडली.

“बाबा, निकाल राखून ठेवलेला नाही. मी नापास झालो.”

सायकलची चाकं थांबली.

“किती विषय?”

“चार. वर्ष गेलं.”

“कधी कळलं?”

“जुलैमध्ये.”

“दोन महिने,” बाबा म्हणाले. “दोन महिने माझ्या घरात बसून माझ्याशी खोटं बोलून राहिला.”

“हो.”

मला वाटलं, ते हात उचलतील. त्यांनी हात उचलला नाही. ते पुन्हा चालायला लागले, जोरात, आणि मी त्यांच्यामागं जवळजवळ पळत. गेटपाशी पोचलो. भोंगा झाला. आत जाणाऱ्यांची गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. बाबांचा चेहरा असा झाला होता, जसा मी फक्त आजी गेली त्या दिवशी पाहिला होता.

“हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे,” मी म्हटलं. “आज शेवटची तारीख आहे. मला परत बसायचंय. जमेल का ते माहीत नाही.”

“गाडी किती वाजता?”

“साडेसहा.”

“मग इथं काय करून राहिला? हुकेल न गाडी.” ते आत वळले. चार पावलं जाऊन, मान न वळवता म्हणाले, “फॉर्म भरला की सरळ घरी ये. इकडंतिकडं जाऊ नको.”

त्यांचा तो आवाज मला आत्ताही ऐकू येतो. रागच होता त्यात, पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती माझ्यासाठी होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या हिवाळ्यात दोन विषय सुटले, उन्हाळ्यात उरलेले दोन. पुढंही मी एकदा अडलो. चार वर्षांची पदवी सहा वर्षांत झाली. आत्या दसऱ्याआधी तिच्या गावी गेली, तिथं कॉम्प्युटर नव्हता, म्हणून दर रविवारी ती एसटीडी बूथवरून फोन करायची आणि पहिला प्रश्न असायचा, “सात नंबर कुठवर आला?” तिला सांगायला काहीतरी असावं म्हणून मी रविवारी एक तास, फक्त एकच तास, त्याला पुढं न्यायचो. दुसरा कोणी मी पुन्हा बनवला नाही. पुढच्या वर्षीच्या होळीला त्यानं गेम संपवला. शेवटी काय होतं ते ऐकून आत्या म्हणाली, “एवढंच?” आणि मग आम्ही दोघंही फोनवर कितीतरी वेळ हसत होतो. आता या सगळ्याला अठरा वर्षं झाली.

पण त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिली. नागपूरहून परतायला मला दिवेलागण झाली. आईचं रडून झालं होतं; तिनं पाट मांडला. आत्या स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत होती. बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बाबा बसले होते. त्यांनी माझी ट्रंक उघडली होती आणि मांडीवर थर्मोडायनॅमिक्सचं गाइड घेतलं होतं, इंग्रजी. अक्षरं त्यांना लागत नव्हती. ते फक्त चित्रं बघत पानं उलटत होते. चष्मा नाकाच्या टोकावर.

“भरला?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“भरला.”

“यातला सगळ्यात कठीण कोणता?”

“हाच. तुमच्या हातात आहे तो.”

त्यांनी आणखी दोन पानं उलटली आणि एका जागी थांबले. बॉयलरची आकृती होती, बाणांनी नावं लिहिलेली. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. नखात कायमची काळी रेघ बसलेली होती.

“हे चुकलं आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“सेफ्टी व्हॉल्व्ह इथं नसतो.”

“बाबा, पुस्तकात दिलंय तसं.”

“असू दे पुस्तकात. एकवीस वर्षं मी त्याच्याखाली उभा आहे.”

मी जवळ जाऊन वाकून बघितलं. हीच आकृती मी परीक्षेत दोनदा काढली होती, पाठ करून.

“मग कुठं असतो?” मी विचारलं.

बाबांनी पुस्तक कॉम्प्युटरच्या टेबलावर सपाट पसरलं आणि हात पुढं केला.

“पेन्सिल दे,” ते म्हणाले. “आणि खुर्ची घे.”